घर बदलताना सामानाचे काय?

मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत गेल्या काही वर्षांपासून आपल्या समाजातील अनेक कुटुंबांवर एकसारखाच प्रसंग येत आहे. ज्या इमारतीत दोन-तीन पिढ्या नांदल्या, ती पुनर्विकासाला जाते आणि नवे घर तयार होईपर्यंत कुटुंबाला अन्यत्र राहावे लागते. सोसायटीच्या सभा, विकासकाशी होणारा करार, पर्यायी जागेचे भाडे, वाढीव क्षेत्रफळ या विषयांवर महिनोन्महिने चर्चा होते. मात्र घरातील सामानाचे काय करायचे, हा प्रश्न घर रिकामे करण्याची तारीख पंधरा दिवसांवर आल्याखेरीज कोणी काढत नाही. मग घाईघाईने निर्णय होतात. काही वस्तू भंगारवाल्याकडे जातात, काही आप्तांच्या माळ्यावर चढतात आणि उरलेले सारे भाड्याच्या लहानशा घरात छतापर्यंत रचले जाते. त्या ढिगाऱ्यातून वाट काढत रात्री उठणारी व्यक्ती बहुधा घरातील सर्वांत वृद्ध असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

या अडचणीवर मोठ्या शहरांत आता एक उपाय उपलब्ध आहे. त्याला सेल्फ स्टोरेज म्हणतात. त्याचा उपयोग केव्हा करावा, केव्हा टाळावा आणि करावयाचा झाल्यास कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

साठवण-कक्षाची कल्पना

ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास प्रांतात सुरू झाली आणि तेथून जगभर पसरली. एका मोठ्या इमारतीत किंवा गोदामात लहान-मोठे बंदिस्त कक्ष केलेले असतात. ग्राहक आपल्या गरजेएवढा कक्ष मासिक भाड्याने घेतो, आपले सामान आपण ठेवतो आणि बहुतेक ठिकाणी कुलूपही स्वतःचेच लावतो. पॅकर्स-मूव्हर्सच्या गोदामात सामान ठेवणे ही याहून भिन्न गोष्ट आहे. तेथे सामान त्यांच्या ताब्यात असते आणि मधेच एखादी वस्तू हवी असल्यास त्यांच्या सोयीने मिळते. सेल्फ स्टोरेजमध्ये ठरलेल्या वेळेत आपण स्वतः जाऊन वस्तू काढू वा ठेवू शकतो.

घर बदलताना याचा उपयोग दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार अल्प मुदतीचा. घर सोडण्यापूर्वी महिनाभर आधी रोज न लागणारे सामान कक्षात हलवावे. घर निम्मे रिकामे झाले की उरलेली आवराआवर सुकर होते. नव्या घरातील रंगकाम व सुतारकाम मोकळ्या जागेत होते आणि सामान धुळीपासून वाचते. यास एक-दोन महिन्यांचेच भाडे पडते. दुसरा प्रकार दीर्घ मुदतीचा, म्हणजे पुनर्विकास पूर्ण होईपर्यंत दोन-तीन वर्षे सामान ठेवण्याचा. खरा विचार करावा लागतो तो या दुसऱ्या प्रकारात.

जपून ठेवण्याची आपली परंपरा

वस्तू दीर्घकाळ जपून ठेवण्याची विद्या आपल्या समाजाला नवी नाही. जैसलमेरच्या किल्ल्यात संभवनाथ मंदिराच्या तळघरातील ज्ञानभांडार, पाटण व खंभातची भांडारे, कर्नाटकात मूडबिद्री येथे जपलेली धवला व जयधवला या ग्रंथांची ताडपत्रे, विदर्भातील कारंजा येथील हस्तलिखिते ही त्याची साक्ष आहेत. शतकानुशतके ही ग्रंथसंपदा टिकली. त्याला जाड भिंती कारणीभूत होत्याच, पण तेवढ्याने ती टिकली नसती. ताडपत्रे दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात घट्ट बांधली जात. कोणत्या पेटीत कोणती पोथी आहे याची सूची केली जाई. कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, ग्रंथ बाहेर काढून त्यांची धूळ पुसण्याची आणि पूजनाची प्रथा श्वेतांबर परंपरेत आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी त्याच भावनेने साजरी होते. योग्य बांधणी, अचूक सूची आणि ठरावीक दिवशी पाहणी या तीन गोष्टींवर ही भांडारे उभी आहेत.

बँकेच्या नोकरीत असताना मालतारण कर्जांच्या निमित्ताने अनेक गोदामे पाहण्याचा योग आला. तेथेही हाच नियम दिसे. माल उत्तम प्रतीचा असला तरी साठ्याची नोंदवही अद्ययावत नसेल, गोदामाची नियमित तपासणी होत नसेल किंवा विम्याची मुदत संपलेली असेल, तर त्या मालावर कर्ज देणे धोक्याचे मानले जाई. घरच्या सामानाचे तारण कोणी घेत नाही, म्हणून त्याला शिस्त नको असे नाही. यादी, तपासणी आणि विमा या तीन गोष्टी शक्य नसतील, तर साठवण-कक्ष घेऊच नये. तसा घेतलेला कक्ष म्हणजे भाडे देऊन बाळगलेली अडगळ होय.

आधी हिशोब, मग कुलूप

आपण व्यापारी कुटुंबातील माणसे आहोत. दुकानाच्या प्रत्येक खर्चाचा हिशोब करतो. तोच घरालाही लावावा. समजा, दरमहा ४,००० रुपये भाड्याचा एक कक्ष घेतला. त्यावर १८ टक्के जीएसटी धरता ७२० रुपये वाढतात. एकूण ४,७२० रुपये झाले. पुनर्विकासाला ३६ महिने लागले, तर भाड्यापोटीच १,६९,९२० रुपये खर्च होतील. नेण्या-आणण्याचा टेम्पो, हमाली, बांधणीचे साहित्य आणि विम्याचा हप्ता हे निराळेच.

आता कक्षात ठेवावयाच्या वस्तूंची आजची विक्रीची किंमत मांडावी. दहा वर्षे वापरलेले शीतकपाट, जुने धुलाई यंत्र, फोम बसलेला सोफा, प्लायवुडची कपाटे यांची बेरीज पुष्कळदा पन्नास हजारांच्याही आतच राहते. शिवाय तीन वर्षे बंद राहिलेले यंत्र पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. अशा वस्तू विकून किंवा गरजूंना देऊन मोकळे व्हावे आणि नव्या घरात नव्या घ्याव्यात, हेच व्यवहाराला धरून आहे. याउलट जुन्या सागवानाचा पलंग, शिसवी कपाट, पितळ-तांब्याची भांडी, पाळणा किंवा पुस्तकांचा संग्रह पुन्हा मिळवू म्हटले तर मिळत नाही. यांच्यासाठी भाडे देणे योग्य ठरते. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने करावेत : आजची किंमत, पुन्हा घेण्याचा खर्च आणि ती व्यापील त्या जागेचे एकूण भाडे. निम्म्याहून अधिक शंकांचे निरसन या तक्त्यानेच होते.

विकासकाशी करार अद्याप व्हावयाचा असेल, तर सामान हलवण्याचा दोन्ही वेळचा खर्च करारात स्पष्ट लिहून घ्यावा. पर्यायी जागा राहत्या घराहून लहान मिळणार असेल, तर साठवणुकीच्या भाड्याचाही विषय सभासदांनी एकत्रितपणे मांडावा. एकट्याने मागितलेली गोष्ट नाकारली जाते. सर्वांनी मिळून मागितली तर तिचा विचार होतो.

काय ठेवावे, काय ठेवू नये

दागिने, रोख रक्कम, मालमत्तेचे मूळ दस्तऐवज, भागप्रमाणपत्रे, मृत्युपत्र व मुदत ठेवींच्या पावत्या साठवण-कक्षात कदापि ठेवू नयेत. त्यांची जागा बँकेचा लॉकर हीच आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यामुळे लॉकरमधील ऐवजाची हानी झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत ठरवून दिले आहे. लॉकरला कायद्याने नामनिर्देशनाचीही सोय आहे. साठवण-कक्षाला असे कोणतेही संरक्षण आपोआप मिळत नाही. तेथे जे काही मिळेल ते करारात लिहिले असेल तेवढेच.

धान्य, कडधान्य, पापड, मसाले, तेल यांपैकी काहीही कक्षात ठेवू नये. गॅस सिलिंडर, रॉकेल, रंग, थिनर, फटाके यांना तर पूर्ण मज्जाव असतो आणि तो योग्यच आहे. सिलिंडर गॅस एजन्सीकडे जमा करून पावती घ्यावी.

गृहमंदिरातील जिनप्रतिमा हा सामानाचा भाग नाही, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. भाड्याच्या घरात नित्य पूजा शक्य नसेल, तर पूज्य साधू-साध्वीजी किंवा आपल्या संघाचे जाणकार यांचे मार्गदर्शन वेळीच घ्यावे आणि प्रतिमेची व्यवस्था मंदिरात विधिपूर्वक करावी. धर्मग्रंथ व हस्तलिखित पोथ्या घरात असतील, तर त्या जवळच्या ज्ञानभांडाराला सोपवण्याचा विचार जरूर करावा.

करार वाचल्याशिवाय सही नको

साठवण-कक्षाच्या करारातील बारीक अक्षरांकडे दुर्लक्ष होते. आपल्या सामानाचा ताबा दुसऱ्याकडे दिला जातो, तेव्हा भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे तो निक्षेप होतो आणि कलम १५१ नुसार सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूंची जेवढी काळजी घेईल तेवढी घेण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर येते. परंतु कुलूप व किल्ली आपलीच असेल, तर आपण केवळ जागा वापरण्याची परवानगी घेतली असून सामानाचा ताबा आपल्याकडेच आहे, असा पवित्रा चालक घेऊ शकतो. अनेक करारांची भाषा तशीच असते. म्हणून पुढील गोष्टी करारात शोधाव्यात.

पहिली, आग, चोरी, गळती वा वाळवी यांमुळे नुकसान झाल्यास चालकाची जबाबदारी किती आणि तिची कमाल मर्यादा काय. दुसरी, भाडे थकल्यास किती दिवसांनी कक्ष उघडण्याचा व सामान विकण्याचा अधिकार चालकाला आहे आणि त्यापूर्वी नोटीस कोणत्या पत्त्यावर जाईल. आपला पत्ता तर बदलणारच आहे. म्हणून नवा पत्ता आणि दोन मोबाइल क्रमांक लेखी कळवून पोच घ्यावी. तिसरी, भाडेवाढ केव्हा व किती. चौथी, अनामत रक्कम परत मिळण्याची अट. पाचवी, कक्षधारकाचे निधन झाल्यास किल्ली कोणाच्या स्वाधीन होईल. शक्य असेल तेथे करार दोघांच्या नावे करावा, म्हणजे वारसांना धावपळ करावी लागत नाही.

विम्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरातील सामानाचा विमा पॉलिसीत नमूद केलेल्या पत्त्यापुरता असतो. सामान दुसरीकडे नेल्यास विमा कंपनीला लेखी कळवून पत्त्यात बदल करून घ्यावा अथवा नवी पॉलिसी घ्यावी. वाहतुकीत होणाऱ्या नुकसानीसाठी स्वतंत्र विमा लागतो.

जागा निवडताना पावसाची आठवण ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात काय झाले, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबईचे काय झाले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरची बाजारपेठ कशी बुडाली, हे आपल्यातील अनेक व्यापाऱ्यांनी सोसले आहे. तळमजल्यावरील स्वस्त कक्षापेक्षा वरच्या मजल्यावरील थोडा महाग कक्ष परवडतो. जागा भर पावसाळ्यात पाहता आली तर उत्तम. भिंतींची ओल आणि कोंदट वास त्या दिवसांत लपत नाही.

दुकान आणि घर वेगळे ठेवावे

कक्षात थोडी जागा शिल्लक आहे, तर दुकानाचाही माल ठेवू, असा मोह व्यापारी कुटुंबाला होतो. तो टाळावा. विक्रीचा माल जेथे साठवला जातो ती जागा जीएसटी नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून दाखवावी लागते. वापरलेल्या घरगुती सामानाच्या वाहतुकीला ई-वे बिलातून सूट आहे. दुकानाच्या मालाला ती लागू होत नाही. दोन्ही एकाच टेम्पोत भरले, तर वाटेतील तपासणीत उत्तर देणे कठीण जाते. दुकानाचाच पत्ता बदलत असेल, तर तो बदल १५ दिवसांच्या आत नोंदणीत करून घ्यावयाचा असतो.

जुन्या वह्यांचा प्रश्नही निघतोच. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अपील किंवा चौकशी चालू असल्यास त्याहून अधिक काळ. या मुदतीतील वह्या नोंदणीकृत जागेतच ठेवाव्यात. त्याआधीच्या रोजमेळ-खातेवह्या आपल्या सनदी लेखापालांना विचारून निकालात काढता येतात. आजोबांच्या हातची, चोपडापूजनाची हळद-कुंकवाची बोटे उमटलेली एखादी वही मात्र अवश्य ठेवावी. पुढच्या पिढीला आपला व्यापार कोठून सुरू झाला, हे त्या वहीतून कळते.

बांधणी जयणेने

प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे आतील वस्तू लिहाव्यात. वहीची एक प्रत घरात, दुसरी मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. खोके बंद करण्यापूर्वी आतील वस्तूंचे मोबाइलवर छायाचित्र काढावे. विम्याच्या दाव्यात तेच उपयोगी पडते. जड सामान खाली, हलके वर आणि मधे चालण्यापुरती वाट सोडावी. जमिनीवर लाकडी फळ्या टाकून त्यावर सामान रचावे. शीतकपाट आतून पूर्ण कोरडे करून त्याचे दार किंचित उघडे राहील असे बांधावे. लाकडी सामानाला प्लास्टिक गच्च गुंडाळू नये, कारण आत दमटपणा साठून बुरशी येते. जुनी सुती चादर पुरेशी होते. भांडी घासून, उन्हात वाळवून मगच कापडात गुंडाळावीत.

आपल्या दृष्टीने यात आणखी एक मुद्दा आहे. ओलसर कापड, अन्नाचे कण, तेलकट डबे हे जीवोत्पत्तीचे कारण होते. आधी निष्काळजीपणे सामान भरायचे आणि मग त्यात निपजलेल्या जीवांवर औषध फवारायचे, यात दुहेरी दोष आहे. स्वच्छ व कोरडे करून भरलेल्या सामानात मुळात जीव होतच नाहीत. कडुलिंबाची वाळलेली पाने आणि कापूर यांनी कीटक दूर राहतात. कक्षाचे चालक ठरावीक काळाने कीटकनाशक फवारणी करतात का, हेही आधी विचारावे आणि आपल्याला जे मान्य नाही ते लेखी कळवावे. साधू-साध्वीजी आपल्या मोजक्या उपकरणांचे रोज प्रतिलेखन करतात. आपण आपल्या कक्षाची निदान तीन महिन्यांतून एकदा, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर निश्चितपणे, पाहणी करावी.

वस्तूंची वाटणी की मनांची?

माझ्या परिचयातील एक संयुक्त कुटुंब तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या पेठेतील जुन्या वाड्यातून बाहेर पडले. खाली कापडाचे दुकान, वर तीन भावांची घरे आणि माडीवर ऐंशी वर्षांच्या मातोश्रींचा संसार. सर्व काही एका मोठ्या कक्षात ठेवू आणि पुढे पाहू, असा भावांचा विचार होता. धाकट्या सूनबाईंनी विचारले, "बाई, आधी तुम्हीच सांगा ना, यातले काय तुम्हांला हवे?" तोवर त्यांना कोणी हे विचारलेच नव्हते.

मातोश्रींनी चार दिवस घेतले. हंडे, कळशा, परात, बंब असे एकेक पुढे ओढून त्यांनी त्याचा इतिहास सांगितला आणि मग निर्णय दिला. लग्नात आलेला तांब्याचा हंडा, पाळणा आणि एक पाट ठेवला. मोठी पातेली संघाच्या भोजनशाळेला दिली. उरलेली भांडी नव्याने संसार मांडणाऱ्या तीन साधर्मिक कुटुंबांकडे, कोणाला न कळू देता, पोहोचवली. मोठ्या कक्षाची गरज उरली नाही. लहान कक्ष पुरला. कक्षात गेलेल्या प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाकडे जायची ते लिहून तिन्ही भावांनी सह्या केल्या. मातोश्री नव्या घरात जाऊ शकल्या नाहीत. गतवर्षी त्यांचे देहावसान झाले. परंतु वस्तूंवरून त्या घरात एकही शब्द वाढला नाही, कारण सारे त्यांच्या मुखाने, त्यांच्या हयातीत ठरले होते.

साठवण-कक्षाचा सर्वांत मोठा धोका हाच आहे की तो निर्णय पुढे ढकलण्याची सोय करून देतो. बंद दाराआड वस्तू पडून राहतात, त्या ज्यांच्या होत्या ती माणसे निघून जातात आणि मग कुलूप उघडताना भावाभावांच्या हाती केवळ तंटा लागतो.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण ठरवावयाचे असते. क्षेत्र, वास्तू, धन, धान्य यांच्या जोडीने घरातील भांडीकुंडी व सामानसुमान, म्हणजे कुप्य, यांचाही समावेश शास्त्रकारांनी परिग्रहात केला आहे. तत्त्वार्थसूत्रकार उमास्वातींनी तर परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, तिच्याविषयीच्या मूर्च्छेत सांगितले आहे. ज्यांनी परिमाण केले आहे, त्यांनी कक्षातील वस्तूही त्यात मोजाव्यात. घराबाहेर ठेवली म्हणून वस्तू मर्यादेबाहेर जात नाही. ज्यांनी अद्याप केलेले नाही, त्यांना घर बदलण्याइतकी चांगली संधी क्वचितच लाभते. वर्षानुवर्षे फडताळात व माळ्यावर दडलेले सारे त्या आठवड्यात डोळ्यांसमोर येते.

घर रिकामे करण्याची नोटीस आली असेल, तर आज रात्री जेवणे उरकल्यावर सर्वांनी एकत्र बसावे. एक कोरी वही घ्यावी, घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला पहिला शब्द द्यावा आणि यादीला आरंभ करावा. कक्ष किती मोठा घ्यावा, किंवा घ्यावा की नाही, हे ती यादीच सांगेल.